दिवाळीतलं हृदय

आप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात लक्षात राहावं असं काहीच घडलं नाही. फाल्गुनातली दुपार होती. यवतेश्वरच्या डोंगरउतारावर वणवा लागून विझला होता आणि वनखात्याचे दोन ड्रोन काळ्या पट्ट्यावर घिरट्या घालत होते. मी ओट्याशी वाटाणे सोलत होते. माझी मुलगी शाल्मली खिडकीत उभी होती आणि तिच्या शेजारी तिचे आबा, म्हणजे माझे वडील, आप्पा.

"आबा, वणवा पुढेच का जातो?" तिने विचारलं. "आला तसा मागे का नाही फिरत?"

"मागे जळायला काय उरलंय? आधी होतं गवत. मग आग. मग राख. राखेला पुन्हा आग लागते?"

"नाही. पुन्हा गवत उगवलं तर लागेल."

"शाबास. आता डोंगर सोड. हृदय घे."

आप्पांचं असंच असायचं. ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. तरुणपणी त्यांनी वनखात्यासाठी वणव्याचा प्रोग्राम लिहिला होता. डोंगराच्या नकाशाचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला एकच नियम शिकवायचा: तुझ्याकडे गवत असेल आणि शेजारी आग असेल, तर पेट, पेटून झालं की राख हो, राख असेपर्यंत गप्प बस. एवढ्यावर संगणक अख्खा वणवा चालवून दाखवायचा. एकदा फरीदा मणेर नावाची तरुण डॉक्टर त्यांच्या टेबलापाशी थांबली आणि म्हणाली, "सर, हे तर हृदयासारखं दिसतंय." त्यानंतर आप्पांनी डोंगर सोडला आणि हृदय धरलं.

"हृदयाच्या स्नायूत कोट्यवधी पेशी असतात," ते शाल्मलीला सांगत होते. "एकीला विजेची चुणूक लागली की ती आकसते आणि शेजारणीला चुणूक देते. ती पुढचीला. अशी लाट पसरते, तो एक ठोका. पण ठोका देऊन झाला की पेशी थकते. मग थोडा वेळ तिला कुणी कितीही हाका मारल्या तरी ती उठत नाही. हा तिचा विश्रांतिकाळ (पेशी पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ). ती थकते म्हणून तर लाट मागे फिरत नाही."

"म्हणजे थकणं चांगलं?"

"पेशींनी थकणं चांगलं. आबांनी नाही."

"मग बसा ना आबा. कधीचे उभे आहात."

"शिकवणाऱ्यानं बसायचं नसतं." मग माझ्याकडे वळून, "ऋजू, कळलं का?"

"अर्धं," मी म्हणाले.

हा आमचा जुना खेळ होता. मी शाळेत असल्यापासून ते काहीतरी समजावून "कळलं का?" विचारायचे आणि मी "अर्धं" म्हणायचे. पुढे मी कथा-कवितांच्या वाटेला गेले तरी खेळ चालूच राहिला.

"चाळिशी आली, तरी अर्धंच," आप्पा शाल्मलीला म्हणाले.

"मला पाऊण," शाल्मली म्हणाली.

संध्याकाळी ते फिरून आले तेव्हा जिन्यात भिंतीला हात टेकून थांबले. मी दारात होते. "जिना कुणीतरी लांबवलाय," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून फोन काढला, त्यावर आपलं संगणकातलं जुळं हृदय पाहिलं, "हे तर व्यवस्थित चाललंय," असं पुटपुटले आणि वर आले. शाल्मली सोडली तर त्यांना घरात कुणी बसा म्हणत नसे. मीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं हृदय थांबलं.

दिवसपाणी उरकल्यावर मी आणि शाल्मली त्यांच्या प्रयोगशाळेत सामान आणायला गेलो. सामान म्हणजे एक स्वेटर, पाण्याची बाटली आणि खोलीत घालायच्या चपला. मला कुणाशी बोलायचं नव्हतं. त्या दिवसांत बोलणंही उचलून न्यायच्या ओझ्यासारखं वाटायचं. फरीदाताईंनी दार उघडलं. आता त्यांचेही केस पांढरे झालेत.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक हृदय चाललं होतं. गुलाबी, सावकाश, आवाजासकट. खाली आप्पांचं नाव होतं: सुधाकर बारटक्के.

शाल्मली बराच वेळ बघत राहिली. मग माझी ओढणी धरून हळूच म्हणाली, "आई, आबांचं हृदय तर चाललंय. मग आबा का गेले?"

फरीदाताईंनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या.

"हे जुळं हृदय आहे. म्हणजे आबांच्या हृदयाची संगणकातली जोडी. आधी एमआरआय (शरीर न उघडता आतली चित्रं घेणारं यंत्र) वापरून हृदयाचा आकार घ्यायचा. मग त्याचे लाखो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला पेशीचा नियम शिकवायचा."

"वणव्याचा नियम."

"तोच. गवताच्या जागी ताजी पेशी, आगीच्या जागी ठोका, राखेच्या जागी थकवा. फक्त राखेवर गवत यायला पाऊस लागतो, पेशी डोळ्याचं पातं लवायच्या आत ताजी होते. आता सांग, उतारावर मोठा कातळ असला तर वणवा काय करेल?"

"वळसा घालून जाईल."

"आबांना पूर्वी हृदयविकाराचा झटका आला होता. त्याचा व्रण राहिला. व्रणातून वीज जात नाही. तो कातळ. बहुतेक वेळा लाट वळसा घालून पुढे जाते. पण कधीकधी ती कातळाभोवती फिरून निघाली त्याच जागी येते. तोवर तिथल्या पेशी ताज्या झालेल्या असतात."

शाल्मलीने थोडा विचार केला. "मग त्या पुन्हा पेटणार. मग लाट गोल गोल फिरतच राहणार."

"आणि हृदय नुसतं थरथरत राहणार. रक्त पुढे जाणार नाही."

"आबांचं तसं झालं?"

"झालं."

"पण हे तर थरथरत नाहीये."

फरीदाताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "कारण हे दिवाळीतलं आहे. बाकी सगळ्या रुग्णांच्या जुळ्यांना आम्ही मनगटपट्ट्यावरची ताजी मोजमापं रोज पाजतो. हे एकटं सरांनी दिवाळीच्या स्कॅननंतर गोठवलं. आमची सगळी गणितं या एका हृदयाशी ताडून बघायची, म्हणून याला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम. आणि रोज सकाळी आल्यावर सर यालाच विचारायचे, काय रे, कसा आहेस?"

"म्हणजे जुना फोटो बघायचा आणि म्हणायचं, दाढी वाढलेली नाही," शाल्मली म्हणाली.

फरीदाताई हसल्या. मग हसता हसता त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

थोड्या वेळाने त्या मला म्हणाल्या, "ऋजुता, सरांचा पट्टा शेवटपर्यंत नोंदी घेत होता. त्या तू दिल्यास तर या जुळ्याला दिवाळीपासून पुढे चालवता येईल. हृदय कुठे बदललं ते कळेल. संगणकाला ते किती आधी कळू शकलं असतं, तेही."

"आणि शेवटी हे थांबेल."

"हो. गणित बरोबर असेल तर थांबेल."

मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही, चपला पिशवीत घालून दिल्या.

घरी येताना शाल्मली म्हणाली, "एक प्रत बाजूला ठेवता येईल की. मग पुसलं जाणार नाही." ते मलाही माहीत होतं. पडद्यावरचं हृदय जाईल याची भीती मला नव्हतीच. संगणकाला ते किती आधी कळू शकलं असतं, याचं उत्तर मला नको होतं. कारण ते उत्तर एकदा मिळालं की प्रत्येक सणाला, प्रत्येक जिन्यात ते माझ्यासोबत राहणार होतं. आप्पांना वाचवता येण्यासारखं नव्हतंच, या समजुतीवर मी कशीबशी उभी होते.

चैत्र निम्मा सरला तेव्हा फरीदाताईंचा फोन आला. सुलभा गायकवाड नावाच्या एक एसटी चालक होत्या. महाबळेश्वरचा घाट चालवायच्या. त्यांच्या हृदयावरही व्रण होता आणि ॲब्लेशन (बिघाड करणारी हृदयातली बारीकशी जागा मुद्दाम डागून बंद करणे) करायचं ठरलं होतं. कुठे डागायचं ते त्यांच्या जुळ्या हृदयावर आधी करून बघितलं होतं.

"त्या मला विचारतात, बाई, माझं मशिनातलं काळीज किती शिळं आहे?" फरीदाताई म्हणाल्या. "एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. मोजमापं रोज पाजतो, पण मूळ स्कॅन किती जुना चालतो, हे मला सांगता येईना. सरांच्या नोंदींवरून येईल. मी फक्त सांगितलं. ठेवते."

शाल्मली समोरच बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आबांना विचारलं असतं तर त्यांनी दिल्या असत्या," ती म्हणाली.

"हो."

"उभ्या उभ्या दिल्या असत्या."

सकाळी आम्ही पट्टा घेऊन गेलो. फरीदाताईंनी आधी दिवाळीच्या हृदयाची प्रत बाजूला ठेवली. त्यांनी न सांगताच शाल्मलीने तिला नाव दिलं: 'फोटो'. "ठेवू या," ती मला म्हणाली, "पण त्याला आबा म्हणायचं नाही."

मग काम सुरू झालं. याला विदा-जुळवणी म्हणतात (मोजलेलं आणि गणिताने सांगितलेलं, यांतला फरक बघून गणित दुरुस्त करत जाणे). शिंपी सदरा अंगावर चढवून बघतो, कुठे ओढतोय ते पाहतो आणि टाके सोडून पुन्हा घालतो, तसंच. संगणक पट्ट्यावरचा एकेक दिवस घेई, आपला ठोका त्याच्याशी ताडून बघे आणि जुळला नाही तर विचारी, आत काय बदललं असेल तर असा ठोका येईल? डॉक्टर आणि पदार्थवैज्ञानिक दोघांचं शहाणपण त्या एका प्रश्नात होतं. छाती न उघडता, बाहेर आलेल्या खुणेवरून आतली गोष्ट शोधायची.

मार्गशीर्षात जुन्या व्रणाशेजारी एक नवा, नखाएवढा करडा डाग उमटला. त्या वेळी आप्पांना काही जाणवलं नसावं. किंवा जाणवलं असेल आणि त्यांनी फोटोला विचारलं असेल. दोन व्रणांच्या मधे निरोगी स्नायूची एक अरुंद वाट उरली होती. पुढे काही दिवस ठीक गेले. मग संगणकाने पडद्याच्या कडेला तांबडी खूण केली: लाट या वाटेने मागे फिरू शकते, ताजा स्कॅन हवा.

"हा कुठला दिवस?" मी विचारलं.

फरीदाताईंनी पाहिलं. "संक्रांत," त्या म्हणाल्या.

संक्रांतीला आप्पांनी गुळाच्या पोळीचे काठ शाल्मलीला दिले होते आणि मधला भाग स्वतः खाल्ला होता. मी खुर्चीवर बसले. म्हणजे वेळ होता. चांगले दोन महिने होते. इतके दिवस ज्या उत्तरापासून मी पळत होते ते आलं, आणि मला कळलं की पळूनही मी तेवढीच दमले होते.

फाल्गुन आला. पडद्यावर लाट त्या अरुंद वाटेत शिरली, वळली आणि मागे फिरली. हृदय थरथरू लागलं. मग आवाज बंद झाला. खोलीत पंख्याचा आवाज होता, तो तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

मग शाल्मली पडद्यापाशी गेली.

"फरीदाआजी, वनखात्याचे लोक हिवाळ्यात आधीच गवताचा एक पट्टा जाळून ठेवतात ना? वणवा आला की तिथे थांबतो. आबांनी मला दाखवला होता. जाळरेषा. ती इथे ओढली तर?"

"ओढ."

तिने पडद्यावरची लेखणी घेतली आणि दोन व्रणांमधल्या वाटेवर एक छोटीशी आडवी रेघ मारली. फरीदाताईंनी जुळं संक्रांतीपासून पुन्हा चालू केलं. माघ गेला. फाल्गुन आला. ती दुपार आली. लाट वाटेच्या तोंडाशी पोचली, रेघेवर आपटली आणि विझली. पुढचा ठोका पडला. मग त्याच्या पुढचा.

"सुलभाबाईंना आजच नव्या स्कॅनला बोलावते," फरीदाताई खुर्चीतून उठत म्हणाल्या. "आणि यापुढे कुठलंही जुळं गोठवायचं नाही. शिळं होत आलं की त्यानं स्वतःच ओरडायचं, मला ताजं करा. तेवढं त्याला शिकवायला आता आकडे आहेत." त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, शाल्मलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा गेल्या.

शाल्मली माझ्याकडे वळली. हातात लेखणी, एक हात कमरेवर, अगदी आप्पांसारखी.

"म्हणजे बघ आई. नियम बरोबर होता. लाट बरोबर होती. फक्त जुळ्याला आजचं काही सांगितलेलं नव्हतं. जे सांगितलेलंच नाही, ते त्याला कसं कळणार? म्हणून विचारत राहायचं. मशीनला नाही, माणसाला." ती थांबली. "कळलं का?"

पडद्यावर, रेघेच्या पलीकडे, हृदय सावकाश चाललं होतं. प्रत्येक लाटेमागे थकलेल्या पेशींचा एक फिकट पट्टा उमटायचा, थोडा वेळ निजायचा आणि पुन्हा गुलाबी व्हायचा. मी तो पट्टा बघत राहिले.

"कळलं, आप्पा," मी मोठ्याने म्हणाले. "पूर्ण कळलं. आता बसा जरा."