परग्रहावरच्या पाहुण्याचा नमस्कार

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मला कोणाची खात्री पटवायची नाही, आणि पटवून माझ्या पदरात काही पडणारही नाही.

पण हे घडलंय.

धायरीत. २००२ सालच्या एप्रिलमध्ये, एका रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला. हो, दुपारीच. भुतं काय घड्याळ बघून येतात?

ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मामा, संपतमामा. शेवटच्या आजारपणात त्यानेच मला सगळं सांगितलं. तोवर सात वर्षं एक शब्द बोलला नव्हता. आधीची अठ्ठावीस वर्षं वेगळीच.

मामाने शेत विकलं नाही, तेवढी अक्कल होती. शेतातच तीन मजली बिल्डिंग बांधली आणि खोल्या आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या. तळमजल्यावर तो स्वतः आणि त्याच्या धाकट्या भावाची बायको, हिरामामी. धाकटा भाऊ म्हणजे गेनबा. तो १९७४ सालीच गेला होता. मामी तेव्हा बावीस वर्षांची. मूलबाळ नाही. तिने दुसरं लग्न केलं नाही, माहेरीही गेली नाही. दिराच्या घरात भाकऱ्या थापत राहिली.

दुसऱ्या मजल्यावर शुभंकर नावाचा मुलगा राहायचा. यवतमाळचा. दिवसभर कंपनीत कोड लिहायचा आणि उरलेल्या वेळात जुने, स्वस्तातले, परग्रहावरच्या राक्षसांचे पिक्चर बघायचा. खोलीभर कॅसेट. तबकडीला बांधलेला दोरा दिसतोय, राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसतेय, रॉकेट म्हणजे उघडउघड पत्र्याचा डबा... असले पिक्चर.

मामाने एकदा त्याला विचारलं, "अरे, एवढा पगार घेतोस आणि हा भंगार माल बघतोस?"

शुभंकर हसला. म्हणाला, "काका, मोठ्या पिक्चरमध्ये राक्षस दिसतो. या स्वस्तातल्या पिक्चरमध्ये आतला माणूस दिसतो. बिचारा घामाघूम होऊन चालत असतो. मले तोच आवडतो."

मामाच्या हातातला चहा तसाच राहिला.

कारण गेनबा असाच गेला होता. राक्षसाच्या आत.

झालं असं होतं. वैजनाथ म्हणून पुण्यात एक फोटोस्टुडिओवाला होता. त्याला पिक्चर काढायचा होता. पैसे नव्हते, हौस दांडगी. नाव ठरलं 'परग्रहाचा पाहुणा'. धायरीजवळच्या दगडखाणीला त्याने मंगळ केलं. सायकलच्या ट्यूबा फाडून, शिवून पाहुण्याचा अंगरखा केला. डोक्याला रबराने मढवलेली बादली, डोळ्यांना स्कूटरचे लाल दिवे. आणि आत घालायला गावातला धिप्पाड, नाटकवेडा गेनबा.

अंगरखा पाठीमागून दोरीने आवळून बांधावा लागायचा. आतल्या माणसाला स्वतःहून निघता येत नव्हतं. ओरडला तरी आवाज बाहेर यायचा नाही. हातमोजे एवढे जाड की बोटही वाकायचं नाही. म्हणून वैजनाथने आणि गेनबाने एक खूण ठरवली.

श्वास कोंडला तर दोन्ही हात जोडायचे.

ही खूण संपतमामाला माहीत नव्हती. माहीत असणार कशी? दोघा भावांचं बोलणंच बंद होतं. दिवाळीपासून. "पुन्हा असली सोंगं घेतलीस तर तुझं तोंड बगनार न्हाय," असं मामा म्हणाला होता, आणि मामाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. दगड डोक्यात होता, तो भाग निराळा.

एप्रिलमधली दुपार. आजोबांनी मामाला पिटाळलं, जा, त्याला जेवायला बोलावून आण. मामा कुरकुरत खाणीवर गेला. वैजनाथ आणि त्याची माणसं कॅमेऱ्यामागे, मामाकडे कोणाचं लक्ष नाही. समोर लांब, उन्हात, पाहुणा.

पाहुण्याने मामाला पाहिलं.

आणि हात जोडले.

मामाला वाटलं, माफी मागतोय. सहा महिन्यांनी का होईना, शरण आला. आणि माणसाला शरण आलेला भाऊ दिसला की काय होतं? मऊ व्हायला पाहिजे. मामा चढला. त्याने दोन्ही हात कोपरापासून जोडून दाखवले. आपल्याकडे कोपरापासून नमस्कार म्हणजे काय, ते सांगायला नको. बाबा रे, तुझं तू बघ, माझा पिच्छा सोड.

मग पाठ फिरवली आणि घरी आला.

मागे पाहुणा हात जोडून उभाच होता. वैजनाथला वाटलं, पोरगा मनानेच काहीतरी सुंदर करतोय, परग्रहावरचा जीव माणसांना नमस्कार करतोय. खूण त्याने स्वतः ठरवली होती, आणि कॅमेऱ्यातून बघताना नेमका विसरला. पाहुणा कोसळला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहा पिऊन झाल्यावर दोऱ्या सोडल्या.

दहाव्याला वैजनाथ नदीवर सगळ्यांसमोर रडला. "त्याने खूण केली, मला अभिनय वाटला." तेव्हा मामाला कळलं, हात का जोडले होते.

मामाने काय केलं? काही नाही. "खाणीवर गेलोच न्हाय, मी तर त्या टायमाला डेअरीवर व्हतो," असं घरात सांगितलं. हिरामामीला सांगितलं. अठ्ठावीस वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि हेच सांगितलं.

वैजनाथने पिक्चर पुरा केला, दोन-तीनदा कुठे कुठे दाखवला आणि पुणं सोडून गेला. आतला माणूस मेला, पण शॉट ठेवला. कलावंत ना.

आता ऐका.

मार्च महिन्यात शुभंकर धावत खाली आला. हातात कॅसेट. जुन्या बाजारात मिळाली म्हणाला. "काका, हा तुमच्या गावातला पिक्चर हाय. नावांमध्ये लिहिलंय, पाहुणा : गेनबा, धायरी. तुमच्या ओळखीचे काय?"

मामा काही बोलायच्या आत मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. पिठाचे हात तसेच.

"मालक हायती त्यात?"

शुभंकरचा चेहरा पडला. त्याने माफी मागितली. मामीने ती ऐकलीच नाही. तिच्याकडे नवऱ्याचा एकच फोटो होता, लग्नातला, त्यातही अर्ध्या तोंडावर मुंडावळ्या. ती म्हणाली, "मला बगायचंय."

बिचाऱ्या पोराला वाटलं, पुण्याचं काम आहे. त्याने कॅसेटची सीडी केली. रविवारी दुपारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दाखवायचं ठरवलं, बिल्डिंगमधल्या सगळ्यांना बोलावलं. कंपनीतून प्रोजेक्टर आणणार होता.

मामाला एकच घोर लागला. त्या शॉटमध्ये आपण असलो तर? हिराने पाहिलं तर?

तो आधीच शुभंकरच्या खोलीत गेला. म्हणाला, मला एकदा दाखव.

शुभंकरने कॉम्प्युटरवर तो शॉट लावला. खाण. ऊन. पाहुणा. हात जोडले... उभा राहिला... पडला. मामा कुठेच नव्हता. तो उभा होता त्याच्या अलीकडेच चित्राची चौकट संपत होती.

मामाने सुस्कारा सोडला.

"परत लाव," म्हणाला. खात्री करायला.

दुसऱ्यांदा...

उजव्या कडेला काहीतरी पांढरं होतं.

"ते काय हाय रे?"

"कुठे काका? काहीच तर नाही."

तिसऱ्यांदा ते पांढरं जरा आत सरकलं होतं. सदऱ्याची बाही. आणि बाहीतून बाहेर आलेलं कोपर.

मामाने कान टवकारले. काहीतरी ऐकू येत होतं.

"आवाज बंद कर."

"बंदच हाय काका. या शॉटला आवाजच नाही. मुका हाय."

पण येत होता... बादलीत तोंड घालून कोणी श्वास ओढावा तसा. ओढायचा, अडकायचा. ओढायचा, अडकायचा.

आणि खोलीत तापलेल्या रबराचा वास.

मामा जिन्यावरून खाली आला. पुढचे तीन दिवस तो मामीला समजावत होता. "कशाला बगतीस? जीवाला तरास." मामी ऐकून घ्यायची आणि लुगड्याला इस्त्री करायची. अठ्ठावीस वर्षांनी नवरा भेटणार होता तिला.

रविवार उजाडला.

चार वाजता हॉल भरला. पोरं-पोरी, खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर, खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला. मामी पुढे, चटईवर. मामा हॉलमध्ये बसलाच नाही. तो बाहेर जिन्याखाली, मीटरच्या पेटीपाशी उभा राहिला.

त्याचं ठरलं होतं. तो शॉट यायच्या आत फ्यूज काढायचा. एप्रिल महिना, वीज जाते. कोणाला संशय येणार नाही.

आतून हसणं ऐकू येत होतं. दोरा दिसला की हसायचे, डबा दिसला की हसायचे. मग एक मुलगी म्हणाली, "अय्या, बघा, एलियन नमस्ते करतोय." सगळा हॉल खदखदला.

मामाने फ्यूज ओढला.

पंखे थांबले. प्रोजेक्टरची घरघर थांबली. पोरं ओरडली, मग मोबाईलच्या उजेडात धडपडत एकेक बाहेर पडली. शुभंकर मीटरकडे यायला निघाला तेव्हा मामाने त्याला सांगितलं, "लाईनीचाच लोच्या हाय. फोन कर जा."

सगळे गेले. मामी बाहेर आली नव्हती.

मामा दारापाशी गेला.

आत...

चादरीवर पिक्चर चालूच होता.

फ्यूज मामाच्या मुठीत होता. प्रोजेक्टरचा दिवा विझलेला. तरी चादरीवर खाण होती, आणि एप्रिलचं ते ऊन. समोर चटईवर मामीची पाठ.

चादरीवर पाहुणा नव्हता.

होता तो फक्त संपतमामा. एकतीस वर्षांचा, टोपी, पांढरा सदरा. दोन्ही हात कोपरापासून जोडले. पाठ फिरवली. चालू लागला. चालत चालत कडेला गेला, दिसेनासा झाला, आणि पुन्हा पहिल्यापासून उभा. पुन्हा हात जोडले. पुन्हा पाठ.

कितीदा ते मामाला सांगता आलं नाही.

मग मामी बोलली. मान न वळवता. आवाज अगदी रोजचा, भाकरी वाढू का विचारावं तसा.

"भावजी, येकदा मागं वळून बगायचं व्हतं."

मामाच्या हातून फ्यूज पडला. चादर काळी झाली.

त्या दिवसानंतर मामा घरात जेवला, झोपला, पण मामीसमोर मान वर केली नाही. मामीनेही तो विषय काढला नाही. तिचं न बोलणं त्याला रोज टोचत राहिलं. माफी मागावी असं त्याच्या मनात सात वर्षं होतं. ओठावर आणलं नाही. "तिला समदं ठाव हाय, आता बोलून काय?" असं मला म्हणाला. दवाखान्यातल्या खाटेवर भिंतीला पाठ लावून बसला होता, तरी मधूनच विचारायचा, "माज्या मागं कोन हाय रं?"

भिंत होती. मी तसं सांगितलं.

चार दिवसांनी गेला.

शुभंकरला मी नंतर गाठलं. तो म्हणाला, सीडी त्या दुपारनंतर चाललीच नाही, कॅसेटवर नुसत्या मुंग्या येतात. आणि त्या शॉटमध्ये दुसरा माणूस त्याने कधीच पाहिला नव्हता.

तेराव्यानंतर मी हिरामामीपाशी बसलो. धीर करून विचारलं, "मामी, त्या दिवशी फ्यूज गेल्यावर चादरीवर काय दिसलं तुला?"

"काय दिसनार? अंधार. मी आपली बसून ऱ्हायले, लाईट येईल म्हनून."

"आणि मामाला काय म्हणालीस?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मी कुटं काय बोलले? भावजी दारात येऊन उभं ऱ्हायले, न् रडत भाईर गेले. भाऊ आठवला आसंल, आसं वाटलं मला. लई जीव व्हता त्यांचा मालकांवर."

मग बोललं कोण?

मामी थोडी पुढे सरकली.

"का रं? शेवटाला काय म्हनाले का भावजी? मालकांबद्दल?"

सगळं जिभेवर होतं. सांगितलं असतं तर सुटलो असतो, कदाचित मामाही सुटला असता.

"नाही मामी," मी म्हणालो. "काही नाही."

तेवढ्यात मला तो वास आला. उन्हात तापलेल्या रबराचा. खोलीत रबराची एक वस्तू नव्हती.

अजून येतो. महिन्यातून एखाद्या दुपारी, ऑफिसातसुद्धा.

मामी आता सत्तरीच्या पुढे आहे. दर दिवाळीला भेटायला जातो तेव्हा ती हमखास विचारते, काय म्हणाले होते का रे भावजी? मी चहा मागतो.

इथे लिहून टाकलं, कारण मामीला वाचता येत नाही. मामाचाच भाचा मी.