आम्ही माराकेशला तिघंच गेलो होतो

तुम्ही विश्वास ठेवाल की नाही, माहीत नाही. मी तिथे होते, एवढंच सांगते.

मागच्या ऑक्टोबरमधला शनिवार. मोरोक्कोतलं माराकेश शहर.

मी सुमेधा. जर्मनीत वाल्डॉर्फला राहते. नवरा हृषिकेश सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुलगी अन्वी सहा वर्षांची. तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच देते.

त्या सुट्टीत खरं तर सासूबाई आमच्याकडे येणार होत्या. पुण्यात एकट्याच राहायच्या. त्यांच्या व्हिसासाठी इथल्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, जाऊन हमीपत्र द्यायचं होतं. टेर्मिन मिळाला होता, म्हणजे भेटीची वेळ.

मी तो रद्द केला.

मला सुट्टी हवी होती. सासू नको होती.

"आई, इथे टेर्मिनच मिळत नाहीये हो," मी फोनवर सांगितलं. हृषीलाही तेच सांगितलं.

"बरं," आई म्हणाल्या. "बॅग भरून ठेवली होती मी. सोडते आता."

माराकेशच्या जुन्या भागात आम्ही एका रियादमध्ये उतरलो. म्हणजे तिथलं जुनं घर. मधे चौक, चौकात संत्र्याचं झाड, वर गच्ची. झोहरा नावाच्या साठीच्या बाई ते चालवायच्या. वीस वर्षं ड्युसेलडॉर्फमध्ये काढलेली, त्यामुळे जर्मन अगदी सफाईदार.

त्यांनी पुदिन्याचा चहा आणला.

चार ग्लास.

"आम्ही तिघंच आहोत," मी म्हणाले.

"आणि त्या आजी? जिन्यात बसल्यात ना..."

मी वळून पाहिलं.

जिना रिकामा होता.

वाटलं, बाईंचा काहीतरी गोंधळ झाला असेल.

रविवारी आम्ही राजवाडा पाहिला. बाजारात दिवे, चामड्याच्या सपाता, मसाल्यांचे ढीग. दुपारी दमून खोलीवर येऊन पडलो.

आणि आवाज सुरू झाला.

टक... टक... टक...

फरशीवर काहीतरी धातूचं आपटावं तसा. थांबून थांबून.

"नळाचं काम चालू असेल कुठेतरी," हृषी म्हणाला आणि कुशीवर वळला.

अन्वी मात्र दाराकडे टक लावून बघत होती.

"आजी हाट डुर्स्ट," ती म्हणाली. आजीला तहान लागलीय.

मी तिच्यावर ओरडले. इतकी, की ती रडत झोपली.

सोमवारी सकाळी झोहराबाईंनी मला जिन्यापाशी अडवलं. पायरीवर पाण्याचा ग्लास होता. काठोकाठ भरलेला.

"त्या खुणेनं पाणी मागतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी देते. पण त्यांचा हातच उचलत नाही. डॉक्टरकडे न्या त्यांना. आल्झो, म्हणजे... तुम्ही त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. असं कसं वागता?"

माझं डोकं फिरलं. "आमच्याबरोबर कोणीही नाहीये! परत असं बोललात तर तुमच्या रियादबद्दल ऑनलाइन काय लिहीन ते बघा."

त्या बाजूला झाल्या. ग्लास मात्र उचलला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर जेवत होतो. खालून तोच आवाज येत होता.

टक... टक...

मग बराच वेळ काही नाही.

टक...

आणि थांबला.

मंगळवारी चहाचे तीनच ग्लास आले. झोहराबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! रात्री मोठ्या चौकात ढोल वाजत होते, मांस भाजल्याचा धूर, गर्दी. मी अन्वीला उचलून नाचले. हृषीनं व्हिडिओ काढला. सगळ्या सहलीतला तोच दिवस आम्हाला आवडला.

बुधवारी फ्रँकफर्टला उतरलो आणि हृषीचा फोन वाजला. पुण्याच्या सोसायटीचे चेअरमन होते.

दार फोडावं लागलं होतं.

आई शनिवारी सकाळी बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. उठता आलं नाही. नळ हातभर लांब होता. हातात स्टीलचा तांब्या होता, तो फरशीवर आपटत राहिल्या. आवाज वरच्या मजल्यापर्यंत जात होता. लोकांना वाटलं, कुठेतरी काम चालू आहे.

डॉक्टर म्हणाले, सोमवारी संध्याकाळपर्यंत जिवंत होत्या.

म्हणजे जिन्यात बसल्या होत्या तेव्हा...

त्या मेलेल्या नव्हत्या.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. रविवारी मला आईंच्या शेजारच्या वासंतीकाकूंचा फोन आला होता. मला वाटलं, आईंनीच त्यांना तक्रार करायला लावलंय. मी कट केला. मग मेसेज आला: "ऊर्मिलाताई दार उघडत नाहीत. गावाला गेल्यात का?"

मी लिहिलं, "हो."

आणि फोन बंद करून टाकला.

तेराव्याला काकू भेटल्या. हृषीसमोर काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्याकडे बघत राहिल्या.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. हृषी अजून म्हणतो, "टेर्मिन मिळाला असता तर आई आपल्याकडे असती गं."

आज दुपारी अन्वी तिच्या खोलीत एकटी खेळत होती. दार बंद होतं. ती कुणाशी तरी बोलत होती. थांबायची... ऐकायची... मग उत्तर द्यायची.

मी दाराला कान लावला.

"नाइन," ती म्हणाली. "मामा हाट एस पापा नॉख निख्त गेझाग्ट."

नाही. आईनं बाबांना अजून सांगितलेलं नाही.



मग अन्वी चक्क मराठीत म्हणाली, "जा. मी सांगते."

हृषी सहाला घरी येतो.

आत्ता पावणेसहा झालेत.