पालथी तरंगणारी पोरगी

कासव तिच्यापासून हातभर अंतरावर होतं, आणि नेमके तेव्हाच कुणीतरी तिचे केस धरले.

नुसते धरले नाहीत, वेणी मुठीला गुंडाळून ओढले. प्रियदर्शनीच्या तोंडातली नळी सुटली, चष्म्यात पाणी शिरलं, मालवणच्या समुद्राचा सगळा खारटपणा नाकातोंडात गेला आणि ती खोकत वर आली. समोर एक सावळा, रुंद खांद्यांचा तरुण होता. एका हातात तिची वेणी, दुसऱ्या हाताने सपासप पाणी मारतोय आणि वर तिलाच धीर देतोय.

"भिऊ नगा! धरलंय तुमास्नी! हातपाय झाडू नगा!"

"सोड! सोड म्हणते ना!"

तिने त्याच्या कानाखाली वाजवली. पाण्यात हात नीट फिरत नाही, तरी आवाज बरा झाला.

"आवं... बुडत हुता तुमी..."

"मी कासव बघत होते!"

"...कासव?"

"कासव! जिवंत! जन्मात पहिल्यांदा दिसलं, तेही तुझ्यामुळं गेलं!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने खाली पाण्यात बघितलं, जणू कासव अजून तिथे थांबलं असेल.

ज्याने स्नॉर्केलिंग केलं आहे त्याला यात नवल वाटणार नाही. तोंड पाण्यात, नळी वर, अंग सैल सोडून निपचित पडायचं आणि खालचं जग बघायचं. हललात की मासे पळाले. पण कृष्णाकाठचा माणूस पोहतो तो मान वर काढून. पाण्यात पालथं, निपचित कोण पडलेलं असतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि बुडणाऱ्याला हाताला धरायचं नसतं, केसाला धरायचं, नाहीतर तो आपल्यालाही घेऊन जातो, हे विहिरीवर पोहायला शिकवतानाच सांगतात. तिच्याच सहलीतून आलेल्या या तरुणाने, ऋषिराजने, शिकवल्याबरहुकूम सगळं केलं होतं. फक्त ती बुडत नव्हती.

प्रियदर्शनी स्वतः वाळवा तालुक्यातलीच. तिलाही हे सगळं कळत होतं. पण कळून राग थोडाच जातो?

आणि राग नुसत्या कासवाचा नव्हता. होडीत बनुआत्या होती.

बनुआत्या ही तिच्या वडिलांची थोरली बहीण. इस्लामपूरहून निघालेल्या सहलीच्या बसमध्ये ती काही समुद्र बघायला चढली नव्हती, भाचीवर नजर ठेवायला चढली होती. प्रियदर्शनीला किनाऱ्यावरच्या एका संस्थेत वर्षभराचं काम मिळालं होतं. रोज होडीतून जायचं, डॉल्फिन आणि कासवं कुठे दिसतात त्याच्या नोंदी करायच्या. प्राणिशास्त्र शिकल्यापासून तिने याच कामाची वाट बघितली होती. महिनाअखेर हजर व्हायचं होतं आणि नानासोंची, म्हणजे वडिलांची, परवानगी अडली होती. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले नानासो पाहणी केल्याशिवाय हुकूम देत नसत. "आक्का संगट जा. ती म्हणाली धोका न्हाई, तर बघू," असं ठरलं होतं. दोन बेटं फिरून झाली होती, किल्लाही बघून झाला होता, आत्या खूश होती. सगळं सुरळीत चाललं होतं...

"बुडाली! माझी दर्शू बुडाली गं बया!" होडीतून आत्याने टाहो फोडला.

धक्क्याला पाय लागताच तिने नानासोंना फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते प्रियदर्शनीला आत्याच्या तोंडावरच दिसलं.

"नानासो म्हनतोय, घरी ये. नोकरी-बिकरी काय न्हाई."

"आत्या, मी बुडत नव्हते!"

"मग तो बिचारा उगंच उडी मारंल व्हय? आगं, जीव वाचवला त्यानं तुझा!"

तो बिचारा पलीकडे टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवबागच्या होड्या डॉल्फिन बघायला निघाल्या. प्रियदर्शनी मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसली. खाडीच्या तोंडाशी पहिली काळी पाठ दिसली आणि होडीतल्या इस्लामपूरकरांनी एकच गिल्ला केला. शिट्ट्या, टाळ्या, "त्यो बघ! त्यो बघ रं!" कुणीतरी तर चिवड्याची मूठ फेकली.

"गप्प बसा की! पळतील ते!" ती ओरडली. पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात मागून आवाज आला, "गप रं गड्यानो! एक शब्द काढला तर उचलून पाण्यात टाकीन!"

होडी चिडीचूप झाली. ऋषिराजने नाखव्याला खूण केली, इंजिन बंद झालं. पाणी होडीवर हलकेच आपटत राहिलं. आणि मग अगदी जवळ... फुस्सऽऽ! डॉल्फिनने श्वास सोडला. माणसासारखा, दमल्यासारखा. आई होती, तिच्या कुशीला लागून पिल्लू.

प्रियदर्शनीचे डोळे भरून आले. वळून बघायचं नाही असं ठरवूनही तिने बघितलं. तो डॉल्फिनकडे बघतच नव्हता.

तिने पटकन मान फिरवली. कान मात्र उगाचच तापले, आणि त्याचाही तिला राग आला.

परतीच्या वाटेवर बस फोंडा घाट चढत होती. बनुआत्या घोरत होती. प्रियदर्शनी उठली आणि थेट त्याच्या सीटपाशी जाऊन उभी राहिली.

"तुमच्यामुळं माझी नोकरी गेली."

"ऐकलं मी." त्याने पिशवी उचलून शेजारची जागा मोकळी केली. "बसा. हुभ्यानं भांडलासा तर वळणावर पडाल, आनि मला परत धरावं लागंल."

ती बसली. बसायचं नव्हतं, पण वळण खरंच आलं होतं.

"लाईफ जॅकेट घालून बुडतं का कुणी? एवढी साधी अक्कल..."

"बुडत्यात." त्याने खिडकीबाहेर बघितलं. "पुराच्या साली आमच्या गावात होडी फिरवत हुतो आमी पोरं. जॅकेट घातलेली एक म्हातारी अशीच गावली. पालथी. आदल्या दिशी तिनं आमास्नी भाकरी दिल्याली." तो थांबला. "मला उशीर झाला हुता... त्यापायी ह्या बारीला येळ लावला न्हाई."

भांडायला आलेल्या माणसाने असं काही ऐकलं की पंचाईत होते. राग टाकवत नाही आणि धरवतही नाही. तिने धरून ठेवला.

"एवढी माणसं होती पाण्यात. मीच बरी दिसले?"

"मी तुमच्याकडंच बघत हुतो." हे त्याने अगदी सरळ सांगितलं. "किल्ल्यावर तुमी त्या नाखव्याशी भांडत हुता, प्लॅस्टिकची बाटली पाण्यात टाकली म्हनून. तवापासनं."

"...लाज नाही वाटत सांगायला?"

"वाटती. पर खोटं सांगायची जास्त वाटती."

"मग हेच माझ्या बाबांसमोर येऊन सांगा. मी बुडत नव्हते, चूक तुमची होती. येताय?"

"येतो की."

"नक्की?"

"परवा दिशी. तुमी रागवून का हुईना, दारात हुभ्या ऱ्हावा म्हंजे झालं."

तो आला. आणि अंगणात पाय ठेवताच सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली.

नानासोंनी त्याचा सत्कार ठेवला होता! पोरीचा जीव वाचवणारा माणूस घरी येतोय म्हटल्यावर हवालदार गप्प बसतील का? सतरंजी अंथरली होती, शाल, श्रीफळ, कोल्हापूरहून आणलेला फेटा. ऋषिराजच्या हातात स्वतःच्या गुऱ्हाळावरची काकवीची बाटली होती, ती कुणीतरी काढून घेतली आणि दुसऱ्याने त्याच्या डोक्याला फेटा गुंडाळायला सुरुवात केली. बनुआत्याने ओवाळलं. प्रियदर्शनी दारात उभी होती. हा आता हसून हार घालून घेणार, गल्लीभर वीर म्हणून मिरवणार आणि आपलं आयुष्य या अंगणातच संपणार, असं वाटून तिच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं.

ऋषिराजने फेटा उतरवला. दोन्ही हातांनी, नीट, आणि नानासोंच्या हातात दिला.

"आवं, ह्यो मला नगं. तुमची पोरगी बुडत न्हवती. ती कासव बघत हुती. मला त्यातलं काय कळत न्हाई, मी गाढवागत उडी मारली आनि तिचं नुकसान केलं."

नानासो हसले. "बघा, किती मनाचा मोठेपणा! केलेलं बोलत पन न्हाई."

"मोठेपणा न्हाई, खरं हाय!"

"बाबा!" प्रियदर्शनी पायऱ्या उतरली. रागाच्या भरात तिचं कॉलेजातलं मराठी कुठल्या कुठे गेलं. "तुमास्नी बघितल्याबिगर पटत न्हाई न्हवं? चला हिरीवर!"

उसाच्या मधोमध नानासोंची विहीर होती. अख्खी वरात तिथे गेली. प्रियदर्शनीने घरातून घेतलेला आपला चष्मा चढवला, नळी दातात धरली आणि पायऱ्या उतरून पाण्यावर पालथी पडली. हात पसरलेले, अंग सैल, निपचित.

वेळ जात होता. बनुआत्याने पदर तोंडात धरला. नानासोंनी दोनदा चप्पल काढली आणि दोनदा घातली. ऋषिराज कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा होता, ओठ पांढरे पडले होते. सारं अंग उडी मार म्हणत होतं आणि तो जागचा हलत नव्हता.

बऱ्याच वेळाने ती वर आली. खोकली नाही, दमली नाही. तिने आधी बापाकडे बघायचं ठरवलं होतं, पण नजर गेली त्याच्याकडे. त्याने कठडा अजून सोडला नव्हता.

नानासोंनी घसा खाकरला. "बरं. पटलं. जा नोकरीला. पर एकटी न्हाई." त्यांनी ऋषिराजच्या पाठीवर थाप मारली. "असा खरं बोलनारा पोरगा गावायचा न्हाई. लगीन लावतो, मग जा."

"न्हाई," ऋषिराज म्हणाला.

"काय?" हे तिघांच्याही तोंडून एकदम आलं. नानासो, आत्या आणि, हो, प्रियदर्शनीसुद्धा.

"मला ती पसंत हाय. लय पसंत हाय. पर अशी नगं. तुमी तिला नोकरीला धाडताय का मला पोरगी देताय? दोनी एका दाव्याला बांधू नगा. तिला तिची जाऊ द्या."

नानासोंचं तोंड लाल झालं. हवालदाराला नाही म्हणणारा माणूस त्या शिवारात नव्हता. "आरं, तू कोन मला शिकवनारा..."

"त्याला काय बोलता? माझ्याशी बोला!" प्रियदर्शनी निथळत पुढे आली. "तुमचं पोस्टिंग आलं तवा आईनं तुमास्नी कुनाच्या गळ्यात बांधून धाडलं का? सीमेवर जाताना तुमास्नी कुनी इचारलं का, गोळीचं भ्या वाटतंय का म्हनून? आईनं डबा भरून दिला, हसून दिला. रडली ती मागनं, आमच्यापाशी. मला बी डबा द्या, बाबा. न्हाईतर मी उपाशी जाईन. पर जाईन."

नानासोंनी खाली बघून पायातली चप्पल नीट केली.

"...कवा हजर व्हायचंय?" त्यांनी विचारलं.

ती रडली असती, पण अजून एक हिशेब बाकी होता. ती गर्रकन वळली.

"आणि तू! मला नको म्हणालास?"

"नको कुठं म्हनलो..."

"सगळ्या गल्लीसमोर! न्हाई म्हणालास!"

"त्यांच्या हातनं नगं म्हनलो."

"मग कुणाच्या हातनं पायजे?"

त्याने मान वर केली. एवढा रुंद खांद्यांचा माणूस, आवाज मात्र कसाबसा निघाला. "तुझ्या."

बनुआत्या म्हणाली, "आगं बया..." आणि नानासोंनी तिला दंडाला धरून उसाकडे तोंड करून उभं केलं. स्वतःही तिकडेच वळले.

"मी समुद्रावर असणार," प्रियदर्शनी म्हणाली. "वर्षभर. रोज पाण्यात. तू हितं, उसात आणि गुऱ्हाळात. जमंल?"

"न्हाई जमणार. मला झोप लागणार न्हाई. रोज तुझा राग येईल."

"येऊ दे."

"फोन करून भांडीन."

"भांड की! मी काय कमी भांडते?" तिचा आवाज चिरकला. राग होता, पण त्याला आता कुठे बसावं ते कळेना. "वर्ष झालं की मी येईन. तुझ्या दारात येईन, आणि तुला मागणी मी घालीन, ऋषिराज. तवा न्हाई म्हणालास तर बघ."

"आनि आत्ताच व्हय म्हनलो तर?"

"आत्ता मी विचारलेलं नाही!"

"मी सांगून ठेवतोय. व्हय."