पश्चिमेचं दार

माझा स्वभाव संशयी आहे. नवरा म्हणतो, मी देवळातला प्रसादही वास घेऊन तोंडात टाकते. पण इमारती तपासणाऱ्या बाईला असंच असावं लागतं. मी पवनीच्या कार्यालयात अभियंता आहे. एखादं सभागृह लोकांसाठी उघडायचं की नाही, हे माझ्या शेऱ्यावर ठरतं.

आसगावच्या सांस्कृतिक भवनाची फाइल मार्चमध्ये माझ्या टेबलावर आली. नाटकांसाठी बांधलेलं, सातशे माणसं बसतील एवढं. आराखडा पुण्याच्या कुणा वास्तुविशारदानं सुगरणीच्या घरट्यावरून काढलेला. लोखंडी सांगाडा आणि त्यावर आतून-बाहेरून बांबूच्या कामट्यांची वीण. दारं दोन, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. आग लागली तर लोकांना दोन्हीकडून बाहेर पडता यावं म्हणून.

मी भर दुपारी गेले. बाहेर उन्हानं डोळे दिपत होते आणि आत पंखा नसताना गारवा होता. वारा विणीतून गाळून येत होता. ठेकेदाराचा माणूस लिलाधर पाणी आणायला गेला. तेवढ्यात मी चपला काढून मधोमध फरशीवर बसले. कामावर मी असं कधी करत नाही. आणि एकटी असूनही मोठ्यानं म्हणाले, "छान झालंय. आवडलं मला."

वर कुठंतरी कामट्या तडतडल्या. ऊन लागलं की बांबू वाजतोच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

आठ दिवसांनी शेवटच्या तपासणीला गेले, तर पश्चिमेचं दार नव्हतं.

बुजवलेलं म्हणावं, तर तशी खूणही नव्हती. वीण सलग होती. मी टेप लावला, बोटांनी चाचपलं, कुठंही सांधा सापडला नाही.

"लिलाधर, दार काहून बंद केलं?"

"म्या नाई केलं जी. होळीपासून मजूर गावालेच हायेत."

"मग कोणी केलं?"

तो गमछा झटकू लागला. दाराची चौकट यानं विकून खाल्ली असणार, अशी माझी खात्रीच झाली. मोबाइलमधले आठ दिवसांपूर्वीचे फोटो त्याच्यासमोर धरले. त्यानं फोटोतलं दार पाहिलं, मग भिंत पाहिली आणि गमछ्यानं तोंड पुसलं. "होतं जी," एवढंच म्हणाला.

चार दिवसांवर उद्घाटन होतं. एक दार, बांबूच्या भिंती आणि सातशे माणसं. मी समोर उभी राहून लिलाधरकडून भिंत कापून घेतली. संध्याकाळपर्यंत माणूस निघेल एवढी वाट झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाट भरलेली होती. नव्या कामट्या हिरव्या होत्या, बोटाला ओलसर लागल्या. आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळे थापले होते, बसलेल्या बाईच्या खांद्याच्या उंचीवर. मला पहिल्यांदाच भीती वाटली.

समोरच्या तळ्यावर मासे धरणारी सखाबाई फाटकाजवळ जाळं विणत बसली होती. तिनं मला बोलावलं.

"बाई, तुमी आत बसल्या होत्या ना त्या दिशी? काई म्हनल्या काय?"

मी संकोचत सांगितलं. तिचा हात थांबला.

"नाव सुगरण, पन घरटं नर बांधते. अर्धं करते, दोन तोंडं ठेवते अन् थांबते. मादी येते, आत बसून पाह्यते. तिले पसंत पडलं का मंग नर एक तोंड बुजवते, अंड्यायची जागा करते."

"आणि नाही पसंत पडलं तर?"

"तं दुसरीची वाट पाह्यते."

मी हसले. पण गाडीकडे जाण्याऐवजी पूर्वेच्या दाराशी गेले. पाऊल आत टाकलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "मला पसंत नाही."

आतला वारा थांबला.

मग पलीकडच्या भिंतीत उजेडाची एक बारीक चीर दिसली. ती रुंद होत गेली.

मी पळाले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

फाइलवर 'नामंजूर' लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, म्हणून 'बाहेर पडण्याची खात्री नाही' एवढंच लिहिलं. साहेब भडकले. त्यांच्याकडे मी निघाल्यावर लिलाधरनं पाठवलेले फोटो होते. "अहो ज्योत्स्ना मॅडम, दारं तं दोन्ही दिसून राहिले!"

फोटोत खरंच दोन्ही दारं होती.

मी अडून बसले. साहेबांनी फाइल स्वतःकडे ठेवून घेतली. मला वाटलं, विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आले, तर शेजारच्या टेबलावर रेणू नव्हती. रेणू माझी कनिष्ठ. तिला सहावा महिना होता, म्हणून आम्ही तिला बाहेरची कामं देत नव्हतो. तिच्या टेबलावर आसगावच्या फाइलची नुसती बांधायची दोरी पडली होती, फाइल नव्हती.

मी फोन लावला.

"रेणू, कुठं आहेस?"

"आसगावले. साहेबांनी गाडी देली. मॅडम, तुम्ही कायले नाही म्हटलं याले? मी तं पाय पसरून बसली."

"तिथं काही बोललीस का? मोठ्यानं?"

"कोणाशी बोलू? कोणीच नाही इथं." ती हसली. "सुंदर आहे म्हटलं, बस."

"ऊठ. आत्ताच्या आत्ता बाहेर ये."

"येते ना."

मी जिना उतरत होते. फोनमधून तिची पावलं ऐकू येत होती. मग भिंतीवरून हात फिरवल्याचा आवाज. बराच वेळ तोच आवाज.

"रेणू?"

"दार पाहून राहिली, मॅडम. आत्ता तं इथंच होते दोन्ही."

"लिलाधरला हाक मार. जोरात मार."

पलीकडे ती खाली बसल्याचा आवाज आला. तिच्या श्वासात जराही घाई नव्हती.

"राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "इथं बरं वाटून राहिलं."