चुकलेल्या खिडकीतले डॉक्टर

खिडकी चुकली, तिथूनच सगळं सुरू झालं.

साथीच्या वॉर्डात नातेवाइकांना सोडत नव्हते. फार तर मागच्या बागेत जायचं आणि बंद काचेतून आपलं माणूस बघायचं. तिचे बाबा आत होते, आणि ती बालवाडीची बाई. खुणांनी बोलण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. बाबांची खिडकी गाठून तिने सुरुवातच केली... जेवलात का? झोप लागली का? गोळ्या घेताय ना, की उशीखाली लपवताय? काचेवर ऊन होतं, आतली पांढरी आकृती धड दिसत नव्हती; पण उत्तरं इमानेइतबारे देत होती. जेवलो. झोप – बेताचीच. आणि गोळ्यांच्या प्रश्नावर त्या आकृतीने चक्क कान पकडले.

बाबा, आणि कान पकडतात? तिने काचेला नाक लावलं. आत नखशिखांत पांढऱ्या पोशाखात एक डॉक्टर उभे होते. मास्क, मास्कवर चष्मा, आणि चष्म्याआड दोन हसरे डोळे. त्यांनी बोटाने शांतपणे पलीकडची खिडकी दाखवली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

वॉर्डातून रोज संध्याकाळी घरच्यांना फोन यायचा. त्या दिवशीही आला.

"मी खिडकीतला," आवाज म्हणाला. "झोप खरंच बेताची होते. कोणीतरी विचारलं... बरं वाटलं."

ती हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबांचं काही बरंवाईट झालं तर, हा विचार ती दिवसभर दाराबाहेर ढकलत होती. डॉक्टरांनी तिला रडू दिलं. काळजी करू नका, असं ते म्हणालेच नाहीत. आज काय कळलंय ते त्यांनी सांगितलं, काय अजून कळलेलं नाही तेही सांगितलं, आणि उद्या याच वेळी फोन करतो म्हणाले. कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

बाबा जन्माचे बसड्रायव्हर. पालथं झोपा, म्हणजे श्वास सुधारेल, असं सांगितलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. माणसाने समोरचा रस्ता बघावा, गादीत काय बघायचंय? त्यातून उशाशी यंत्र वाजू लागलं की आपली घटका भरली, असंच ते धरून चालत. मग डॉक्टर स्टूल ओढून शेजारी बसले आणि यंत्राच्या एकेका आवाजाची ओळख करून दिली. हा वाजला तर बोटाचा चिमटा निसटलाय, एवढंच. तो वाजला तर मी धावत येतो. हॉर्न वाजला म्हणजे काही अपघात झाला असं नाही, हे बाबांना पटलं आणि ते निमूट पालथे झाले.

हे सगळं तिला फोनवर कळायचं. आणि फोन हळूहळू लांबत चालले होते. बाबांचं सांगून संपलं, तरी फोन ठेवायला कोणीच तयार नसायचं.

"अजून काही विचारायचंय?"

"नाही... म्हणजे – तुम्ही जेवलात का?"

"हे बाबांच्या रिपोर्टमध्ये येत नाही, बाई."

"माझ्या येतं."

पलीकडून डबा उघडल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी ती बागेत गेली तेव्हा ऊन मऊ झालं होतं, झाडांचा सुगंध येत होता, आणि ती बाबांच्या खिडकीशी उभी असली तरी डोळे मात्र शेजारच्या खिडकीकडे पळत होते. ती प्रेमात पडली होती, आणि तेही अर्ध्या चेहऱ्याच्या!

त्या संध्याकाळी फोनवर आवाज दुसराच होता. मोठ्या डॉक्टर मॅडम बोलत होत्या. बाबांकडे आता त्या बघणार होत्या. सुधारणा छान आहे, ऑक्सिजन कमी करत आणलाय, असं बरंच काही त्यांनी सांगितलं. आणि ते डॉक्टर? त्यांनीच ही केस माझ्याकडे दिली, मॅडम म्हणाल्या.

तिने सुतावरून स्वर्ग गाठला. आपण जास्त बोललो. नको तिथे जीव अडकवला, आणि त्या भल्या माणसाला पळ काढावा लागला. बाबा बरे होत होते म्हणून ती आनंदात होती, आणि आनंदात असूनही रोज संध्याकाळी फोनकडे पाठ करून बसत होती.

बाबांना घरी सोडलं, त्या दिवशी ती त्यांची चाकाची खुर्ची ढकलत फाटकापाशी आली. तिथे साध्या कपड्यांत, नुसता मास्क लावलेला कोणीतरी ताटकळत उभा होता. डोळे तिने तत्काळ ओळखले. बाबांनीही ओळखले असावेत, कारण त्यांना एकाएकी रस्त्यावरच्या बस फार बघाव्याशा वाटू लागल्या.

"माझं काही चुकलं होतं का?" तिने विचारलं.

"तुमचं नाही." ते म्हणाले. "बाबांना घरी कधी सोडायचं, हे मला ठरवायचं होतं. मला वाटायचं, लवकर सोडावं – तुम्ही हसाल. मग वाटायचं, नको, ठेवावं अजून... म्हणजे मला तुम्हाला फोन करता येईल. दोन्हींत बाबांच्या फुप्फुसांचा विचारच नव्हता. अशा डॉक्टरने बाजूला झालेलं बरं."

इतके दिवस ज्याला आपण पळपुटा म्हणत होतो, तो आपल्या बाबांसाठी आपल्यापासून दूर झाला होता.

"म्हणजे आता तुम्ही आमचे डॉक्टर नाही?"

"नाही."

"मग संध्याकाळी फोन करा."

"पण... आता माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नसेल."

"तर मग बरंच बोलता येईल," ती म्हणाली, आणि बाबांची खुर्ची ढकलत निघाली.