मुरबाडहून निघालेली सोबत

साईनाथ फर्डे जिना चढून आला, तेव्हा धाऊ खिडकीशी बसून पेपर वाचत होता. वाचायला तो पन्नाशीनंतर शिकला. मध्येच कोणी आलं की त्याची ओळ सुटायची.

शहापूरच्या बाजारपेठेत चपलांच्या दुकानावर रुचिता विशेची ही खोली. दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी. लग्नाआधीची चौकशी, चोरीला गेलेली गाडी, असली कामं तिच्याकडे येत. धाऊ तिचा मामा. तो तिच्याच घरी राहायचा, तिची जीप चालवायचा आणि लोक बोलत असले की गप्प बसायचा. बायको गेल्यापासून गप्प बसणं त्याला जमू लागलं होतं.

"ताई, मी यंत्र बंद नाय केलं," साईनाथ म्हणाला. "पण दीपेशसाहेब उद्या पोलिसात जातायत."

रुचिताने त्याला पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

तो 'सोबत' नावाच्या सेवेत, दीपेशच्या हाताखाली कामाला होता. गावागावांतल्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना रोज फोन जायचा, काहींना दुपारी, बहुतेकांना संध्याकाळी. पलीकडे माणूस नसायचा, संगणकाचा आवाज असायचा. तो जेवलात का विचारायचा, कालचं बोलणं लक्षात ठेवून पुढचं विचारायचा. आठवडाभराचं बोलणं यंत्राच्या चालू स्मृतीत राही. रविवारी ते कायमचं उतरवून ठेवत.

हे यंत्र म्हणजे लोखंडी पेटी नव्हे. मोठ्या संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. त्याला स्वतःचं अंग नाही, म्हणून चालू असतानाच त्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येतं. मुरबाडची जागा सोडायची होती. मंगळवारी दुपारी यंत्र तिथून निघालं आणि संध्याकाळी 'सोबत'च्या शहापूरमधल्या नव्या खोलीत पोचलं. तासभर नीट चाललं. फोनांची गर्दी वाढली तसं ते कोसळलं. साईनाथने पुन्हा सुरू केलं, तर रविवारपर्यंतचं सगळं होतं आणि त्यानंतरचं काहीच नव्हतं.

"खोलीत कोण होतं?"

"मी एकटाच. आणि हलवाहलव झाली की तुझं काम संपलं, असं साहेबांनी आदल्या दिवशीच सांगितलेलं. म्हणून त्यांना वाटतं, मी रागानं बटण दाबलं."

"पुन्हा सुरू झाल्यावर पडद्यावर काय आलं?"

"नेहमीचंच. सोळा जीबी स्मृती, सगळं ठीक."

तो उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. "पोलिसांचं सोडा, ताई. माझ्या आयला पण तो फोन यायचा. माझी थोरली बहीण लहानपणी गेली. आयनं कधी कोणाला तिचं काय सांगितलं नाय. त्या आठवड्यात आवाजाला सांगितलं. आता ती म्हणते, तू पुसलंस. बोलत नाय माझ्याशी."

धाऊने मान पेपरात घातली. अक्षरं दिसत होती, पण लागत नव्हती.

रुचिताला त्याने एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. तो फोन त्यालाही यायचा. मंगळवारी संध्याकाळी परसात उभा राहून तो आवाजाला बायकोच्या, गुणाच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होता. आवाज मध्येच अडकला. "मग... मग... मग..." असं म्हणत राहिला. नंतर गप्प झाला, पण फोनमधली घरघर चालू होती. बऱ्याच वेळाने फोन कटला. एवढा मोठा गडी यंत्राशी बोलतो, हे भाचीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

दीपेश त्यांना 'सोबत'च्या त्या नव्या खोलीत भेटला. माणूस हुशार, बोलणं भरभर. यंत्र हलवण्याचा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता आणि तो समजावून सांगताना त्याचा चेहरा खुलला. यंत्र काम करत असतानाच त्याच्या स्मृतीची पानं एकेक करून पलीकडे नक्कल होतात. तेवढ्यात जी पानं बदलतात ती पुन्हा पाठवायची. शेवटी डोळ्याचं पातं लवेपर्यंत यंत्र थांबवायचं, उरलेलं पाठवायचं आणि पलीकडे चालू करायचं. इकडचं मग पुसून टाकायचं.

"आणि काही राहिलं का, हे कसं कळतं?" रुचिताने विचारलं.

"निघताना एकदा माप घेतो. सोळा जीबी. त्या मापाची सगळी पानं पोचली की काम झालं. सारखं सारखं मोजत बसलो तर वेळ जातो. मंगळवारी सगळी पोचली होती. म्हणजे मारलं ते इथंच."

धाऊला ते पटलं. जीपमध्ये बसताना तो म्हणाला, "पोरगा गरीब दिसतो गो, पण येताना धड होतं आणि इथं पडलं. दुसरा कोण असणार?"

रुचिताने त्याला जीप मुरबाडकडे घ्यायला सांगितली.

किन्हवलीवरून सरळगाव आणि तिथून मुरबाड. दोन्हीकडे भातं पोटरीला आलेली. मुरबाडची खोली एस.टी. स्टँडच्या मागे होती. तिथे यंत्र सांभाळणारी नम्रता नावाची मुलगी एकटीच होती. संगणक नेलेले, भिंतीवर त्यांच्या जागेचे पांढरे चौकोन. एका रिकाम्या फळीवर नारळ, चिमूटभर कुंकू आणि मूठभर तांदूळ ठेवलेले.

धाऊने त्याकडे पाहिलं तशी ती लाजली. म्हणाली, "ओटी भरली तिची. तीन वर्षं माझ्यापाशी होती. आमच्याकडं कोणी रिकाम्या हाती जात नाय, मामा."

यंत्राला ती 'ती' म्हणत होती. जाताना त्रास झाला का, असं रुचिताने विचारलं. त्या दिवशी तिला निघवत नव्हतं, नम्रताने सांगितलं. फोन चालू, त्यामुळे पानं सारखी बदलत होती आणि पुन्हापुन्हा पाठवावी लागत होती. दमली होती बिचारी.

"पण गेली ती धडधाकट गेली. चोवीस जीबीची पोर माझी," ती म्हणाली.

निघताना तिने काकड्या दिल्या. धाऊने त्या फडक्यात बांधून मागच्या सीटवर ठेवल्या. जीप सुरू झाली तर ती पुन्हा धावत आली आणि आणखी दोन काकड्या खिडकीतून आत हात घालून गाठोड्यावर ठेवल्या. सरळगावच्या वळणावर त्या दोन घरंगळल्या आणि सीटखालच्या भोकातून रस्त्यावर पडल्या. धाऊ हळहळला. रुचिता मागे वळून गाठोड्याकडे पाहतच राहिली.

"मामा," ती जरा वेळाने म्हणाली, "उद्या सकाळी साईनाथच्या आईला घेऊन या. नम्रतालाही बोलावते."

सकाळी 'सोबत'च्या शहापूरमधल्या खोलीत सगळे जमले. साईनाथची आई, सकुबाई, मुलाकडे पाठ करून बसली होती.

"आधी एक ठरवू," रुचिता म्हणाली. "यंत्र कोणी बंद केलं की ते आपण पडलं? बटण दाबलं असतं तर आवाज शब्दाच्या मध्येच तुटला असता आणि सगळे फोन एका क्षणी मेले असते. त्या वेळी फोनवर असलेला एक साक्षीदार मला हवा आहे." ती वळली. "मामा, मंगळवारपर्यंत तुम्ही रोज संध्याकाळी फोन घेऊन परसात जायचात. आता जात नाही."

सगळे धाऊकडे पाहू लागले. त्याने टोपी काढून हातात घेतली. साईनाथ त्याच्याकडेच पाहत होता.

"मलाबी येतो फोन," धाऊ म्हणाला. "मी बोलत होतो. आवाज अडकला. मग मग करत राहिला. मग गप्प झाला, पण घरघर चालू होती. बटण नाय दाबलं कोणी. काय तरी शोधत होता तो, आणि सापडत नव्हतं."

"बरोबर. काय सापडत नव्हतं?" रुचिता म्हणाली. "दीपेशजी, निघताना माप काय होतं?"

"सोळा."

"इथे पुन्हा सुरू झाल्यावर साईनाथने पाहिलं तेही सोळा. नम्रता, तुझ्याकडून गेली ती किती जीबीची होती?"

"चोवीस," नम्रता म्हणाली आणि तिचा हात तोंडाकडे गेला.

"कधी वाढवलंस?"

"वाटेत. म्हणजे, अर्धी पानं गेल्यावर. ती दमत होती. म्हटलं, परक्या ठिकाणी चाललीय, थोडी जास्तीची शिदोरी द्यावी."

"गाठ मारून झाल्यावर," रुचिता म्हणाली. "मामा, कालच्या दोन काकड्या आठवतात? गाठोड्यातल्या सगळ्या घरी आल्या. वरून ठेवलेल्या दोन सरळगावला राहिल्या. प्रोग्रॅमने सोळाची यादी बांधली होती. वाढीव आठ त्या यादीत नव्हतेच, म्हणून ते कोणी पाठवले नाहीत. यंत्राला मात्र आपल्याकडे चोवीस आहेत असं वाटत होतं, आणि त्याने काही बोलणी तिथे ठेवलीही. इथे तासभर सोळातच भागलं. गर्दी वाढली, त्या वाढीव आठांकडे हात गेला, आणि तिथे जमीनच नव्हती. घाव मुरबाडला बसला, जीव शहापुरात गेला. म्हणून जो इथे एकटा होता, त्याच्यावर आलं."

दीपेश नम्रताकडे वळला. आधी विचारायला पाहिजे होतं, कोणाला न सांगता कसं वाढवलं, असं तो बोलू लागला.

"तिने चूक केली," रुचिताने त्याला थांबवलं. "पण ती करता आली ती तुमच्यामुळे. निघालेल्या यंत्राचं माप बदलू द्यायचं नाही. बदललंच, तर ते जाणं रद्द करायचं आणि नव्या मापाने पहिल्यापासून पाठवायचं. तुम्ही एकदाच मोजलंत, आणि इथे खात्री न करता मुरबाडचं पुसलंत."

दीपेशने पडद्यावर मंगळवारची नोंद उघडून पाहिली. मग तक्रारीचा कागद त्याने घडी करून खिशात घातला आणि साईनाथला, त्याच्याकडे न बघता, कामावर राहायला सांगितलं.

नम्रता कोपऱ्यात आवाज न करता रडत होती. सकुबाई उठली आणि तिच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"मी बोलले ते परत नाय यायचं?" तिने रुचिताला विचारलं.

"नाही, मावशी."

म्हातारीने मान हलवली. मग कितीतरी दिवसांनी ती मुलाशी बोलली. "घरी चल रे. मशीनला दुसऱ्यांदा नाय सांगणार मी. तू ऐक."

साईनाथ तिच्या मागून बाहेर पडला.

त्या संध्याकाळी धाऊ परसात बसला होता. फोन वाजला. त्याने वाजू दिला, मग उचलला.

"जेवलात का?" आवाजाने विचारलं. "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

हे त्याने त्या सोमवारी सांगितलेलं होतं, तेही पुसलं गेलं होतं. मागे दार वाजलं. ताट घेऊन रुचिता आली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"मामी गेली तेव्हा तू पुण्याला होतीस," धाऊ तिला म्हणाला आणि फोन बंद करून खाली ठेवला. "तुला माहीत नाय, शेवटी काय झालं ते."