सांगणारा उरतो

मासिकाकडे आलेली प्रत्येक कथा आधी चिठ्ठीबाईंच्या टेबलावर पडायची. अद्भुतकथांचं मासिक ते. परग्रह, भुयारं, मेलेली शहरं, काळात मागे जाणारी माणसं, असला सगळा माल. बाई पहिली पाच पानं वाचायच्या, पिवळी चिठ्ठी काढायच्या आणि तिच्यावर लिहायच्या: कोण कुठल्या साच्यातलं, मरणार कोण, आणि कितव्या पानावर. चिठ्ठी टाचणीने टोचली की मग उरलेली कथा वाचायला घ्यायच्या. बावीस वर्षांत पान चुकलं असेल दोन-चार वेळा. माणूस कधी चुकला नव्हता.

साचे ठरलेले होते. घर सोडून निघालेला एक. त्याला दारात अडवणारा एक. परतलेला, जो गेला होता तो कधीच नसतो. आणि वाटाड्या. वाटाड्या म्हणजे म्हातारा, सगळं माहीत असलेला, कमी बोलणारा. कथा दोन-तृतीयांश झाली की तो मरतो. मरायलाच हवा, असं बाई नव्या लेखकांना कळवायच्या. म्हातारा जगला तर तुमचा नायक त्याचं बोट सोडणार कधी? त्यांच्या सांगण्यावरून किती लेखकांनी आपले म्हातारे मारले असतील, देव जाणे. त्यात काही गैर आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. नियम करणाऱ्याला नेहमी वाटतं, आपण कडेला उभे आहोत.

कचेरीतला डीटीपीवाला रोज त्यांची खोडी काढायचा. म्हणायचा, "बाई, मलाही लावा की एक चिठ्ठी. कितव्या पानावर आहे ते तरी कळू दे." बाई मान वर न करता म्हणायच्या, तू साच्यात बसत नाहीस, तू पान भरायला आहेस.

घरी नवरा. जमिनीची मोजणी करण्यात उभा जन्म गेला त्यांचा, आता निवृत्त. अत्यंत अबोल माणूस. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं होतं, आज कामावर काय काय झालं? तर म्हणाले, "मोजलं." बस. चालताना पावलं मोजायची सवय, ओठ सारखे हलायचे. उजव्या करंगळीचं शेवटचं पेर नव्हतं. दुर्बिणीच्या तिवईत सापडून गेलेलं. अलीकडे हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की शस्त्रक्रिया झेपणार नाही, जपून राहा, चालता येईल तेवढं चाला. मग मोजणीदार रोज सकाळी खाली जायचे आणि परत आले की किती पावलांवर बसावं लागलं तो आकडा सांगायचे. दिवसभराचं बोलणं तेवढंच. बाई तो आकडा ऐकायला दारात उभ्या असायच्या. मूल नव्हतं, दुसरं कुणी नव्हतं. हा माणूस गेला की घरात फक्त पुस्तकं उरणार होती, आणि पुस्तकांचं काय होतं ते बाईंना चांगलं माहीत होतं.

पहिली कथा आली ती भुयारातल्या शहराची. लेखक कुठल्याशा शाळेतला मास्तर. तिसऱ्या पानावर म्हातारा वाटाड्या आला. पावलं मोजत चालणारा. करंगळीला पेर नसलेला. बाईंना हसू आलं. तीनशे चाळीस पावलांवर म्हातारा दमून बसला, श्वास जमवला, उठला आणि चक्क शेवटपर्यंत जगला. बाईंनी बावीस वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठीवरचा माणूस चुकलेला पाहिला. नियम तो नियम. त्यांनी मास्तरला कळवलं की म्हातारा वेळेवर जायला हवा, बदलून पाठवा.

त्या सकाळी मोजणीदार तीनशे चाळीसवर बसले होते. हे बाईंना घरी जाताना, जिना चढताना आठवलं. पाकिटावरचा शिक्का आठ दिवसांपूर्वीचा होता.

दुसरी कथा दुसऱ्याच माणसाची, हवा संपत आलेल्या ग्रहाची. तोच म्हातारा. अंगात तपकिरी स्वेटर, कोपराला ठिगळ, ठिगळाचा दोरा हिरवा. तो दोरा बाईंनी स्वतः घातला होता, तपकिरी संपला म्हणून. कथेत आकडा होता दोनशे बारा, आणि सकाळी दारात ऐकलेलाही तोच.

तिसऱ्या कथेत म्हातारा नायकाला म्हणाला, उतार डोळ्याला दिसत नाही, पायाला कळतो. हे वाक्य मोजणीदारांचं. सबंध संसारात जी पाच-दहा वाक्यं बोलले असतील त्यांतलं एक. आकडा एकसष्ट.

बाई तिन्ही कथा घेऊन संपादकांकडे गेल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मनापासून हसले. म्हणाले की म्हातारे सगळे सारखेच असतात, तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला. मूळ साचा एक, ठसे हजार. बाई कथा उचलून परत आपल्या टेबलाशी आल्या. आपलेच दात, आपलेच ओठ.

चौथी कथा एका लेखिकेची, तिची पहिलीच. डोंगराच्या पोटात उतरत जाणारा दगडी जिना, खाली अडकलेली माणसं, त्यांना आणायला निघालेली तुकडी. वाट दाखवायला म्हातारा. जिन्याच्या तोंडाशी त्याची बायको वाट बघत बसलेली. एकोणिसाव्या पायरीवर म्हातारा बसला. छातीवर हात ठेवला. उठला नाही. बरोबर दोन-तृतीयांश कथेत, जसं व्हायला हवं तसं.

सकाळी दारात आकडा ऐकला होता तेवीस. एकोणीस आता चारच पावलांवर होतं.

बाईंनी त्या लेखिकेला फोन लावला. आवाजावरून तरुण वाटली, घाबरलेली. म्हातारा कुठून आणलात, असं विचारल्यावर म्हणाली की आणला नाही, तो होताच तिथे. आधी मी त्याला जगवला होता, म्हणाली. मग रात्रंदिवस वाटत राहिलं की असं चालत नाही. कुणीतरी सांगितल्यासारखं.

बाईंनी तिला एक ओळही कधी लिहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाई सकाळी दहाला कचेरीत गेल्या, खिडक्या उघडल्या, चौथी कथा समोर घेतली. म्हाताऱ्याला काढून टाकायची हिंमत नव्हती. काढलेला माणूस कुठे जातो याची त्यांना खात्री नव्हती. साधं जगवलं तर कथा पुन्हा कुणाच्या तरी हातून त्याला मारणार, हे फोनवर कळलंच होतं. दुसऱ्या साच्यात घालायचा, तर कुठल्या? निघालेला मरू शकतो. अडवणारा मरतोच. परतलेला नको, परतलेला तो नसतो. बाई उन्हात बसून सगळे साचे चाळत राहिल्या, भांडेवालीने जुन्या भांड्यांची मोड चाळावी तसे. आणि मग त्यांना एक सापडला. हजारो कथांत शेवटच्या ओळीपर्यंत जिवंत राहिलेला एकच माणूस असतो: सांगणारा. तो मेला तर सांगणार कोण?

त्यांनी सगळी कथा म्हाताऱ्याच्या तोंडी घातली. संध्याकाळी पाचपर्यंत लिहीत होत्या. एकोणिसाव्या पायरीवर मी बसलो, उठलो, खाली गेलो, वर आलो, आणि आता तुम्हाला सांगतोय. त्याच्या बायकोला हात लावला नाही, ती जिन्याच्या तोंडाशी होती तशीच राहू दिली. लेखिकेने हरकत घेतली नाही. संपादक म्हणाले, वर्षातली सर्वात चांगली. कथा छापून आली.

अंक बाजारात आला त्या सकाळी मोजणीदार परतले आणि आकडा सांगितला नाही. म्हणाले, "बसलोच नाही आज." बाई तशाच दाराला धरून राहिल्या.

त्या दिवसापासून ते बोलायला लागले. जेवताना, कपडे वाळत घालताना, खालच्या मजल्यावरच्या माणसापाशी, दूधवाल्यापाशी. मोजलेल्या जमिनी, भांडणारे भाऊ, नकाशात नसलेली विहीर. पाल्हाळ नाही, नेमकं, ऐकत राहावं असं. बाई पदराआड डोळे पुसायच्या. तीस वर्षं साठवलेलं बोलतोय माणूस, बोलू दे.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिले आणि यंत्र बिघडलं असेल म्हणून चाचणी पुन्हा करायला लावली. मग सहज विचारलं, घरी कोण असतं तुमच्याबरोबर? बाई फाइल छातीशी धरून शेजारीच उभ्या होत्या.

"होती," मोजणीदार म्हणाले.

डॉक्टरांनी मान खाली घातली. कुणी बाईंकडे पाहिलं नाही.

रस्त्यात बाईंनी विचारलं की असं काय बोललात. त्यांनी बाईंकडे मायेने पाहिलं, जुन्या फोटोकडे पाहावं तसं, आणि पुढे चालू लागले.

कचेरीत डीटीपीवाल्याने खोडी काढणं सोडलं होतं. बाई टेबलाशी बसल्या तरी तो हातातलं काम थांबवत नसे. आलेल्या कथा आता थेट संपादकांकडे जात होत्या. बाईंनी छापलेला अंक उघडून ती कथा पहिल्यांदा वाचक म्हणून वाचली. पाच पानं पुरली. नव्या लेखकांना त्यांनी शंभरदा कळवलेलं होतं: सांगणारा तोंड उघडतो, कारण बाकीचे गेलेले असतात. कुणी हरवल्याशिवाय माणूस गोष्ट सांगत नाही. नवऱ्याला जगवायच्या घाईत त्यांनी एवढं साधं विसरावं? जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या बायकोबद्दलचा एक शब्दही त्यांनी बदलला नव्हता. फक्त आता तिच्याबद्दल तो सांगत होता.

एका दुपारी मोजणीदार खिडकीपाशी उभे राहून खालच्या माणसाला सांगत होते. तिचा आवाज कसा होता. ती टाचणी दातात धरून कशी वाचायची.

"अहो," बाई म्हणाल्या, "जरा गप्प बसा."

ते थांबले.

लगेच ओठ निळे पडले. हात छातीवर गेला. गुडघे वाकले. खिडकीची चौकट धरून ते हळूहळू खाली सरकू लागले. डोळ्यांत राग नव्हता, तक्रारही नव्हती, फक्त थकवा.

बाई धावल्या. त्यांना काखेत धरलं.

"सांगा," त्या म्हणाल्या. "सांगा पुढे. मी ऐकतेय."

मोजणीदारांनी श्वास घेतला आणि अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे उचललं. ओठांचा रंग परत आला.

त्यानंतर बाईंनी त्यांना कधी थांबवलं नाही.

रविवारी दुपारी नणंद आली. बाईंशी तिचं कधी पटलं नव्हतं. येता-जाता टोमणे मारायची, वहिनीने घरापेक्षा लोकांच्या कथा जास्त सांभाळल्या म्हणायची. आज आली ती भावाजवळ बसली आणि रडली. वहिनी सोन्यासारखी होती, म्हणाली. बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या. खुर्ची त्यांच्या वजनाने कुरकुरली. नणंदेने वळून पाहिलं नाही.

नणंद म्हणाली, "दादा, मला कुणी नीट सांगितलंच नाही. झालं काय नेमकं?"

मोजणीदारांनी हात मांडीवर ठेवले. बाहेर स्वच्छ ऊन होतं. ते सांगू लागले. सावकाश, एकही पाऊल न चुकता.

रविवार होता, म्हणाले. दुपार. तू येऊन बसली होतीस. ती त्या खुर्चीवर होती. तिला बरं वाटत नव्हतं असं नाही. बराच वेळ ती काही बोललीच नाही, आमचं ऐकत होती.

नणंदेने नाक पुसलं.

"मग?"

"मग तिने पाणी मागितलं."

मोजणीदार थांबले. या वेळी ओठ निळे पडले नाहीत. त्यांनी मान वळवून कित्येक दिवसांत पहिल्यांदा सरळ बाईंकडे पाहिलं. घाई नव्हती त्यांना. सांगणारा चांगला असला की थांबतो.

बाई दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसल्या. त्यांचा घसा कोरडा पडला होता.